काळजीची वही: टक्के मांडून पाहिले, त्याच्या नोंदी

२० मे

गुहागर तालुका. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. नारळ-सुपारीची वाडी, मागे व्हाळ म्हणजे ओढा, पर्यटकांना द्यायला दोन खोल्या. घरात मी, नवरा आणि सासूबाई, मुलगा मुंबईला. एवढं सांगायचं कारण, पुढच्या सगळ्या काळज्या यातूनच उगवलेल्या आहेत.

काम असं ठरवलंय: मनात आलेली काळजी वहीत लिहायची, ती खरी ठरण्याची शक्यता किती टक्के ते लिहायचं आणि निकाल लागला की शेजारी टिपायचा. पावसाळाभर. शंभर पानी वही, ३५ रुपये. आधी मोबाइलवर करून बघितलं होतं, पण मोबाइल हातात घेतला की बातम्या उघडतात आणि एका काळजीच्या चार होतात. म्हणून कागद.

पहिल्याच संध्याकाळी पान भरलं. सासूबाईंनी बीपीची गोळी दोनदा घेतली असेल. शनिवारचे पाहुणे ऐन वेळी नाही म्हणतील. मुलगा फोन उचलत नाही, म्हणजे काहीतरी झालंय. यंदाच्या पावसात काहीतरी वाईट होणार. टक्के म्हणाल तर बहुतेक ठिकाणी ५०.

२४ मे

निकाल टिपायला बसले आणि अडले. ‘काहीतरी वाईट होणार’ याचा निकाल लावायचा कसा? वाडीतला एक माड वाळला, हे वाईटात धरायचं का? पानावरच्या निम्म्याहून जास्त ओळी अशाच होत्या. त्या खोडून टाकल्या.

आता ओळ लिहिताना एकच कसोटी: ठरलेल्या तारखेला तिसऱ्या माणसाने वाचली, तर त्याला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ एवढं सांगता आलं पाहिजे. ‘मुलाला काहीतरी झालंय’ हे चालत नाही. ‘आज रात्री दहापर्यंत मुलाचा उलटा फोन येणार नाही’ हे चालतं. गंमत म्हणजे ओळ अशी घासूनपुसून लिहिताना काही काळज्या जागीच विरतात, कारण नक्की कशाची भीती वाटतेय तेच सापडत नाही. त्यांच्यासाठी शेवटचं पान राखून ठेवलंय. तिथे नुसतं नाव लिहायचं, टक्के नाहीत.

२९ मे

५० टक्क्यांचा घोळ. ५० लिहिताना वाटतं की आपण मधला, शहाणपणाचा आकडा घेतला. खरं तर ‘मला माहीत नाही’ हेच आपण आकड्यात लिहिलेलं असतं. पाहुणे रद्द होण्याला मी ४० लिहिले होते. मग खोल्यांच्या बुकिंगची जुनी वही काढली आणि गेल्या तीन हंगामांची पानं चाळली. ऐन वेळी रद्द केलेले पाहुणे बारात एक. म्हणजे आठ टक्के. मी पाचपट फुगवून बसले होते, कारण जे आले नाहीत ते लक्षात राहिले. जे आले, सोलकढी पिऊन गेले, ते विसरले.

तेव्हापासून टक्के लिहिण्याआधी दोन प्रश्न. ही गोष्ट घडायची संधी आजवर साधारण किती वेळा आली? त्यातून किती वेळा खरंच घडली? हिशोब घरातच असतो: बुकिंगची वही, दुधाचं कार्ड, लाइट बिलं, मोबाइलमधली कॉलची यादी.

कॉलच्या यादीने तर चांगलाच धडा दिला. मुलगा माझा पहिला फोन निम्म्याहून जास्त वेळा उचलतच नाही. धडधाकट असताना, कामावर असताना, लोकलमध्ये उभा असताना. तेव्हा पहिला फोन न उचलणं ही बातमीच नाही. रोजचं आहे ते. बातमी कधी म्हणायची? रात्रीपर्यंत उलटा फोन आला नाही तर. तसं यादीत एकदाही झालेलं नाही.

एकदाही झालं नाही म्हणजे शून्य टक्के का? नाही. यासाठी एक सोपी रीत आहे. शंभर वेळा संधी येऊन एकदाही घडलं नसेल, तर शक्यता फार तर तीन टक्के धरायची. तीनशे वेळा येऊनही नाही, तर एक टक्का. तीनला संधींच्या संख्येने भागायचं, बस. शून्य लिहायचं नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. शून्य लिहिलं की मन लगेच वाद घालायला बसतं.

३ जून

आज गावात निसर्ग वादळाचीच चर्चा. ३ जून २०२०ला ते श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडात बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्याच किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं. त्याआधी नोव्हेंबर २००९मध्ये फयान. दोन वर्षांत लागोपाठ दोन, त्यामुळे आता दरवर्षी येणार असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. माझ्याही.

वहीत लिहिलं: ‘यंदा वादळाने आपल्या घराचे पत्रे उडतील.’ मन म्हणालं ३०. हिशोब असा मांडला: फयानपासून मोजली तर ठळक वादळं तीन, मध्ये पंधरावर वर्षं. या पट्ट्यात वादळ जवळून जाण्याची शक्यता धरली २०. पण तिन्ही वेळा पत्रे आमचे उडाले नाहीत. एकदा कौलं सरकली, बाकी झावळ्या पडल्या. म्हणून पत्र्यांचे लिहिले ५.

आणि इथे रीतच अडखळली. ५ म्हणजे फार नाही, म्हणून स्वस्थ बसायचं? वीस वर्षं राहिलं तर सरासरी त्यातल्या एका वर्षी पत्रे जाणार, असा त्याचा अर्थ होतो, आणि आम्ही इथून कुठे जाणार नाही आहोत. तेव्हा वहीला नवा रकाना जोडला: ‘काम’. पत्र्यांचे हुक आणि वॉशर बदलले, साहित्य ८०० आणि मजुरी ७००. छपरावर ओणवलेल्या दोन माडांच्या झावळ्या आणि नारळ उतरवले, ५०० रुपये. त्यानंतर टक्के २ केले. आकडा खाली आणायचा तर हात हलवून आणायचा, ओळीकडे बघत बसून नाही.

१३ जून

पाऊस लागला. मच्छीमारांच्या होड्या १ जूनपासून वर ओढलेल्याच आहेत, ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद.

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की माझ्या पोटात गोळा येतो आणि मी ‘वाडीतून पाणी घरात शिरेल’ याला ६० लिहिते. पण अलर्ट माझ्या उंबरठ्याबद्दल काही सांगत नाही. तो अख्ख्या जिल्ह्याचा असतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पडला की खाते त्याला जोरदार म्हणते, ११५.६च्या वर अति जोरदार, २०४.४च्या वर अत्यंत जोरदार. आता ६५ मिलिमीटर पाऊस कोकणात जुलैत म्हणजे साधी गोष्ट झाली. ‘काही ठिकाणी’ या शब्दांचा अर्थही जागांशी आहे: जिल्ह्यातल्या काही जागी पडेल. आपली जागा त्यात असेलच असं नाही.

म्हणून सरळ भिंतीचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा अंगणात उघड्यावर ठेवलाय, आत मुलाची शाळेतली पट्टी. सकाळी साडेआठला मोजायचा, कारण खात्याचे २४ तासही साडेआठलाच संपतात. खर्च शून्य. पहिल्या दिवशी डबा पागोळीखाली ठेवला गेला आणि आकडा भलताच आला. आता फणसापासून आणि छपरापासून लांब आहे.

२२ जून

डब्याने जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. पाऊस कितीही पडो, व्हाळाचं पाणी मागच्या पायरीला लागलं ते फक्त भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले तेव्हा. ओहोटीला डबा अर्धा भरला तरी पाणी खाडीत निघून जातं. भरतीला खाडीच तुंबलेली, मग व्हाळाने जायचं कुठे?

सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, “ह्यात नवं काय गो? तिथीची पाऊणपट कर, भरती कळते.” खरंच कळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती.

आता पाणी शिरण्याचे टक्के लिहिताना अलर्टचा रंग शेवटी बघते. आधी तिथी. भांगाच्या दिवशी २, उधाणाच्या दिवशी आणि भरतीच्या तासांत धो धो असेल तर १५. चिपळूण २२ जुलै २०२१ला बुडालं तेव्हाही गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. एकच मोठा आकडा चारही महिने उराशी धरण्यापेक्षा महिन्यातल्या थोड्या दिवसांची थोड्या तासांची काळजी परवडते. त्या दिवशी तांदळाची पिंपं फळीवर चढवायची, हे ‘काम’ रकान्यात.

२७ जून

मुलगा रात्रीच्या गाडीने चिपळूणला येणार होता. ‘गाडीला अपघात होईल’ याला १ लिहिला. खरं तर एकसुद्धा फार होता. तरी रात्रभर जागी. गाडी उशिरा धावतेय हे मोबाइलवर दिसलं की वही उघडायची, एकाचे २ करायचे. पुढच्या स्टेशनवर आली की परत १. पहाटेपर्यंत त्या ओळीवर एवढी खाडाखोड की कागद फाटला.

मुलगा उतरला, झोप काढून ताजातवाना. मी दिवसभर कामाची नाही. पाहुण्यांच्या आंबोळ्या सुद्धा करपल्या.

बिघाड कुठे होता ते दुपारी समजलं. आकडा मी अंगाऱ्यासारखा वापरत होते, दर थोड्या वेळाने कपाळाला लावायचा. त्यातून दोन नियम आले. एक, लिहिलेला आकडा निकालापर्यंत बदलायचा नाही. नवी माहिती आली तरच, आणि ‘आता जास्त भीती वाटतेय’ ही माहिती नव्हे. दोन, बघायची वेळ आधी लिहायची. गाडीचं ठिकाण एकदा झोपताना, एकदा अलार्म झाल्यावर.

शिवाय उशीर म्हणजे धोका हे समीकरणच उलटं होतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, डोंगर कापून रूळ नेलेत त्या कटिंगांच्या भागात वेग कमी ठेवतात, रुळांवर गस्त असते. गाडी हळू येतेय ती जपून येतेय म्हणून.

५ जुलै

सासूबाई उजाडायच्या आत वाडीत जातात, सुपाऱ्या वेचायला. अनवाणी. वाडीत फुरशी आहेत, विंचू आहेत. या ओळीपाशी बरेच दिवस अडून होते, कारण आकडा कितीही लहान लिहिला तरी समाधान होत नव्हतं.

आधी हिशोब. आमच्या वाडीवस्तीत चाळीसेक घरं, दीडशेवर माणसं. साप किंवा विंचू चावल्याच्या गोष्टी आठवून, दोन म्हाताऱ्यांना विचारून बघितल्या, तर वर्षाला एखाददुसरी. माणशी एक टक्क्याच्या आसपास. सासूबाई अंधारात जातात म्हणून त्यांचे ३ धरले.

समाधान का होत नव्हतं? कारण माझ्या डोक्यात ‘चावणं’ आणि ‘जाणं’ ही एकच गोष्ट होती. दोन वेगळे आकडे आहेत ते, आणि दुसरा आकडा माणसाच्या हातात बराच असतो. लाल विंचवाचंच बघा. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधी गंभीर दंश झालेल्यांत शंभरातले चाळीस दगावायचे. नंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. विंचू तेवढेच, माणसं तेवढीच अनवाणी. सापाचंही तसंच: दवाखान्यात किती लवकर पोहोचलो आणि तिथे लस आहे का, यावर सगळं.

म्हणून वहीत आता दोन रकाने: ‘होईल का’ आणि ‘झालंच तर निभावेल का’. दुसऱ्यासाठी कामं: आरोग्य केंद्रात जाऊन सर्पदंशाची लस आहे का विचारून आले (आहे), रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या शेजाऱ्याचा नंबर भिंतीवर लिहिला, सेलची चांगली बॅटरी २५० रुपये. गमबूट ३८० रुपये. गमबूट सासूबाईंनी घातले नाहीत. “सत्तर पावसाळे काढले ते काय तुझ्या बुटांवर?” गमबूट सध्या नवरा गुरांच्या गोठ्यात वापरतो. बॅटरी मात्र नेतात.

६ जुलै

कालची ओळ लिहिताना मुलाने एक आकडा वाचून दाखवला होता, तो डोक्यातून जाईना. देशात २०२२ साली रस्ते अपघातात १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार जातात असा अंदाज आहे; तोही लहान नाही. पण नवरा रोज मोटरसायकलने चिपळूणला जातो-येतो, एका बाजूला पंचेचाळीस किलोमीटर, आणि माझ्या अख्ख्या वहीत मोटरसायकल हा शब्द नव्हता. सवयीची गोष्ट, पाल चुकचुकतच नाही.

ओळ लिहिली: ‘यंदा पावसाळ्यात यांची गाडी घसरेल.’ मागचे पावसाळे आठवून ४० आले. नवऱ्याला दाखवलं. “अगं, पडलो कुठे? घसरलो फक्त.” वहीत दोन्हीची गणना एकच, असं सांगितलं. मागचा टायर गुळगुळीत झालेला होता, तो बदलला, १,९०० रुपये. हेल्मेटचा पट्टा लावायचा. उधाणाच्या अलर्टच्या दिवशी एसटी. टक्के मांडून काळजी कमीच होते असं कुणाला वाटत असेल तर ही नोंद वाचावी. काही ठिकाणी ती वाढते, आणि वाढायलाच हवी असते.

१८ जुलै

पहिला ताळा. ९० लिहिलेल्या गोष्टी (लाइट जाणार, पाहुणे भाव पाडून मागणार) जवळजवळ सगळ्या झाल्या. १० आणि त्याखालच्या क्वचित. घोळ मधल्या पट्टीत: ४० ते ६० लिहिलेल्यांतली दहात एखादीच खरी ठरली. म्हणजे मोठं आणि लहान मला ओळखू येतं, मधलं सगळं मी भीतीने भरते.

मुलाने हवामानवाल्यांची रीत सांगितली. ग्लेन ब्रायर नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९५०मध्ये मांडलेली. अंदाज आणि निकाल यांच्यातल्या फरकाचा वर्ग करायचा: ०.३ म्हटलं आणि घडलं नाही तर ०.०९, ०.९ म्हटलं आणि घडलं नाही तर ०.८१. सगळ्यांची सरासरी जितकी कमी तितका अंदाज चांगला. दोन संध्याकाळी कॅल्क्युलेटर घेऊन बसले. सरासरी आली, पण तिचं करायचं काय ते कळेना. घरासाठी हे जास्तीचं आहे. ओळींचे गठ्ठे करून ‘इतक्यातल्या इतक्या खऱ्या’ एवढं पुरतं. आता ५० लिहावंसं वाटलं की आधी १५ लिहिते आणि वर चढवायला कारण मागते.

३० जुलै

एक खरी झाली. सासूबाई मागच्या अंगणात शेवाळावर घसरल्या, डावं मनगट मोडलं. चिपळूणला नेऊन प्लास्टर, एक्स-रेसकट साडेचार हजार.

या ओळीला मी १० लिहिले होते. पहिले दोन दिवस वहीकडे बघवेना. दहाच म्हणाली होतीस ना, मग? नव्वद टक्के सुरक्षित होतं ना? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण उगाच नाही, असंही वाटून गेलं.

मग एक गोष्ट करून बघितली, ती या सगळ्या उद्योगातली सगळ्यात उपयोगी. चालू पानावरच्या सगळ्या ओळींचे टक्के एकाखाली एक मांडून बेरीज केली. २९० आली. बेरजेला शंभराने भागलं की पानावरच्या साधारण किती गोष्टी खऱ्या होणार ते मिळतं: तीनेक. म्हणजे वहीनेच आधी सांगून ठेवलं होतं की या पानावरची काही ना काही होणार. लाइट गेली, एक बुकिंग रद्द झालं आणि हे. वही खोटी ठरली नव्हती. मी दर ओळ सुटी सुटी वाचत होते आणि प्रत्येक वेळी ‘ही होणार नाही’ असं समजून पुढे जात होते. आता नव्या पानाच्या डोक्यावर बेरीज लिहिते. एखादी खरी झाली की ती त्या तिनातली.

दुसरं, त्या ओळीसमोर ‘काम’ रकाना रिकामा होता. ब्लीचिंग पावडर टाकून अंगण घासायला एक सकाळ आणि ८० रुपये लागले. आणि तिसरं: काळजीत मी त्यांना अंथरुणाला खिळलेलं बघत होते. प्रत्यक्षात त्या ओटीवर खुर्ची टाकून उजव्या हाताने अख्ख्या घराला कामाला लावतायत.

११ ऑगस्ट

माझ्या बहिणीने ही रीत उचलली आणि तिचं बिघडलं. तिला गॅस बंद आहे का हे पुन्हा पुन्हा बघायची सवय आहे, कुलूपही तीन-चारदा ओढून बघते. टक्के लिहायला लागल्यावर गॅस बघून यायची, आकडा लिहायची, आकडा बरोबर आहे का म्हणून परत गॅस बघायची. मला रात्री फोन: “ताई, अर्धा टक्का लिहू की पाव?” म्हणजे वही हाच तिचा आणखी एक गॅस झाला होता. तिला वही बंद करायला लावली आणि १४४१६ वर फोन करायला सांगितलं. टेली मानस, सरकारची मोफत सेवा, २०२२च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, मराठीत बोलता येतं. तिथून तिला डॉक्टरांकडे जायला सांगितलं, गेली. ज्यांना तपासल्याशिवाय राहवतच नाही, झोप-जेवण सुटलंय, छातीत धडधड होऊन बसायला होतं, त्यांनी वहीवर वेळ घालवू नये.

२१ ऑगस्ट

गणपती तोंडावर. चाकरमानी येणार, दोन्ही खोल्या भरलेल्या. वहीचं आताचं रूप: तारीख, निकाल लागेल अशी ओळ, आजवर किती संधी आणि किती वेळा घडलं, टक्के, झालंच तर निभावेल का, काम, निकाल. सात रकाने उभ्या पानात मावत नाहीत, म्हणून वही आडवी धरते. दिवसाला दहा मिनिटं, संध्याकाळी दिवा लावल्यावर. सुरुवातीला पाऊण तास जायचा.

एकूण खर्च, प्लास्टर सोडून, पाच हजारांच्या आत. त्यातला वहीचा ३५ रुपये, बाकी ‘काम’ रकान्याने खाल्ला.

चालू ओळी: मुलाला गणपतीत पूर्ण सुट्टी मिळणार नाही, ६० (दर वर्षीचा अनुभव). चतुर्थीच्या दिवशी लाइट जाईल, ८५; मेणबत्त्या आणल्या, इन्व्हर्टरचं पाणी भरलं. सासूबाई प्लास्टर असताना उकडीचे मोदक वळायला बसतील, ९५. काम: नारळ मी आधीच खवून ठेवणार. पानाची बेरीज ३४०.